जोडीनं वाळणारे बोंबील

बोंबील वाळत घालताना एकेकटा टांगत नाहीत. दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या आडव्या काठीवर सोडायची. एक अलीकडे, एक पलीकडे. दोघांचं वजन एकमेकांना धरून राहतं, वारा कितीही आला तरी पडत नाहीत. मी दहा वर्षांची असताना चिंचणीच्या किनाऱ्यावर एका मांगेला आजीनं मला हे शिकवलं. पहिल्याच दिवशी बोंबलाचे बारीक दात बोटाला लागले आणि मी हात झटकला. ती हसून म्हणाली, "तो तुला नाय धरत गो, तो जोडीदार शोधतोय."

२०२४ च्या डिसेंबरात चार दिवस सुट्टी काढून आम्ही चिंचणीला गेलो, तेव्हा पर्समध्ये मी एक पाकीट नेलं होतं. त्यात किती रुपये होते हे सांगत नाही, पण बरेच होते. चिंचणीच्या माझ्या मावशीला शहाऐंशीवं लागलं होतं. तिचं मी काय देणं लागते, हे मला बेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं आणि आता द्यायला हात मोकळा होता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घेईल ती?" मी म्हटलं, "घ्यायलाच लावणार."

ते देणं १९८२ सालचं. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, साठ गिरण्या. माझे वडील त्या अडीच लाखांतले एक. आमची लालबागला दहा बाय बाराची खोली. पहिले दोन महिने 'आज मिटेल, उद्या मिटेल' म्हणत गेले. मग वाण्याची वही बंद झाली. मग आईनं घरातली तांब्याची घागर काढली. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला विरारला नेलं, तिथून शटलनं बोईसरला, तिथून एसटीनं चिंचणीला. पुढे आईचं एक पोस्टकार्ड गेलं होतं. त्यातली ओळ मला पाठ आहे, कारण मीच ते पेटीत टाकलं होतं. 'पोरांना पाठवते आहे.' ठेवशील का, जमेल का, असलं काही नव्हतं.

सुट्टीपुरते गेलेलो आम्ही दीड वर्ष राहिलो. गावातल्या शाळेत आमची नावं घातली गेली. मावशीची स्वतःची तीन मुलं होती. वाडी होती, पण ती काही सोन्याची नव्हती. नारळ, थोडे चिकू, भाजीपाला. दीड वर्षात आमच्या ताटात तिच्या मुलांपेक्षा एक घासही कमी पडला नाही. 'तुमच्या बापाचा संप' हे शब्द त्या घरात कुणी उच्चारले नाहीत. संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरून गेला. वडिलांना पुढे एका गोदामात नोकरी लागली आणि आम्ही परत आलो. तेव्हापासून माझ्या मनात एक उघडं पान होतं. डावीकडे मावशीचं नाव आणि उजवीकडे कोरं.

या वेळी आईही आमच्याबरोबर होती. ऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, पण बहिणीकडे जायचं म्हटल्यावर चार दिवस आधीच तिची पिशवी भरलेली. विरारला गाडी बदलली. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते, त्यामुळे पूर्वीसारखी शटलची वाट बघत फलाटावर बसावं लागत नाही. वैतरणेचे पूल आले तशी आईनं रुमालाच्या गाठीतून नाणं काढून नदीत टाकलं. माझ्या अकरा वर्षांच्या मुलानं विचारलं, "नदीला पैसे कशाला?" आई म्हणाली, "तिच्यावरून जातो ना आपण." तो हिशेब त्याला पटला असावा, त्यानंही एक रुपया टाकला.

पहिला मुक्काम केळवे-माहीमला, आईच्या माहेरी. केळवे रोड स्टेशनपासून किनाऱ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. नारळ, पोफळी, केळी आणि त्यांच्या सावलीत पानवेली. केळव्या-माहीमच्या विड्याच्या पानाचं एकेकाळी मोठं नाव होतं. माझ्या आजोबांच्या मळ्यातली पानं टोपल्यांत रचून गाडीवर चढत. पानवेल सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. ऊन नको, वारा नको, पायात पाणी साठायला नको आणि कोरडही नको. आता मळे कमी झालेत. वाड्यांतून पर्यटकांसाठी खोल्या उठल्या आहेत. मामेभाऊ म्हणाला, "पानापेक्षा पाहुणा बरा. त्याला रोग पडत नाही."

शीतलादेवीचं दर्शन घेऊन सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर लाखो इवल्या गोळ्यांची रांगोळी पसरली होती आणि मधोमध छोटी छोटी भोकं. माझी मुलगी मोबाइल घेऊन फोटो काढायला वाकली, तर एक नखाएवढा खेकडा बाहेर आला, वाळू तोंडात घेतली, त्यातलं खाण्याजोगं ठेवून बाकीची गोळी करून मागे टाकली आणि पुन्हा वाळू उचलली. एका भरती-ओहोटीमधल्या वेळात तो एवढं आवार झाडून काढतो आणि भरती येऊन सगळं पुसून टाकते. मुलं तासभर तिथून हलली नाहीत. पाण्याच्या कडेला तुतवार धावत होते. लाट मागे गेली की तिच्या मागे, लाट आली की तिच्या पुढे. थोड्या अंतरावर कुरवांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. हे उत्तरेतले पाहुणे. हिवाळ्यापुरते येतात, खाऊन-पिऊन धष्टपुष्ट होतात आणि उन्हाळ्यात निघून जातात. आई म्हणाली, "तुमच्यासारखेच." दीड वर्षाच्या त्या मुक्कामाबद्दल तिनं आजवर काढलेला एवढाच एक शब्द.

दुसऱ्या दिवशी मामेभावानं गाडीनं पालघरमार्गे चिंचणीला पोचवलं. पालघर आता जिल्ह्याचं ठिकाण. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला आणि गाव बघता बघता शहर होत चाललं. पण आईचं पालघर एका चौकाएवढंच. हुतात्मा स्तंभापाशी तिनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरता येत नव्हतं म्हणून खिडकीतूनच हात जोडले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या मोर्चावर इथे गोळीबार झाला आणि आजूबाजूच्या गावांतले पाच तरुण गेले. त्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेल्या माझ्या आईनं त्यांना पाहिलेलं नाही. पण त्या भागात वाढलेल्या माणसाला ती पाच नावं घरातल्या माणसांसारखी येतात. तिनं ती मुलांना म्हणून दाखवली: काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र म्हणता म्हणता थांबली, डोळे मिटले आणि दुरुस्त केलं, "रामप्रसाद तिवारी. रामचंद्र चुरी. सुकुर मोरे." मग म्हणाली, "नाव चुकता कामा नये. तेवढंच तर आपल्या हातात आहे."

बोईसर आलं ते वासानं कळलं. कारखान्यांचा, डिझेलचा आणि वडापावचा एकत्र वास. इथे स्टेशनबाहेर हिंदी, गुजराती, भोजपुरी, वारली सगळं कानावर पडतं. औद्योगिक वसाहत ओलांडली की पुढे अणुवीज केंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत, मग तारापूर, मग खाडी आणि खाडीपलीकडे चिंचणी. तारापूरचं अणुवीज केंद्र हे देशातलं पहिलं, १९६९ पासूनचं. १९८२ साली संध्याकाळी किनाऱ्यावर बसलं की दक्षिणेला आभाळाच्या कडेशी त्याचे दिवे दिसायचे आणि आम्हा मुलांना ते कुठलंतरी परदेशी गाव वाटायचं. पुढे केंद्र वाढलं. तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठून दुसरीकडे वसली. मावशीची एक सून पोफरणची. ती आल्या-गेल्याला हसत सांगते, "लगीन होऊन मी हलले. मागून माझं माहेर पण हललं." ऐकणारा हसतो आणि मग त्याला हसू आवरावं लागतं. तारापूरची वीज महाराष्ट्रात जाते, गुजरातेत जाते. डोंबिवलीत माझ्या स्वयंपाकघरातल्या दिव्यात तिचा किती अंश असेल ते कुणी मोजून देणार नाही. पण ती वहिनी समोर असली की मी दिवा विनाकारण लावून ठेवत नाही.

मावशी ओसरीवर बसून होती. आईला बघून उठली नाही. उठवतच नाही आता. आई तिच्या शेजारी टेकली आणि दोघी पाच मिनिटं एकमेकींचे हात चाचपत राहिल्या, बाजारात भाजी पारखावी तशा. मग मावशीचं पहिलं वाक्य, "सुकलीस गो." आईचं उत्तर, "तू काय कमी?"

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, ओल्या बोंबलाचं कालवण, सुक्या करंदीची चटणी आणि तव्यावरून थेट ताटात येणारी कोलंबी. माझ्या नवऱ्याला, जो देशावरचा, ताज्या बोंबलाचा काटा कुठे संपतो आणि मांस कुठे सुरू होतं ते वीस वर्षांत कळलेलं नाही. त्याला मावशीनं पापलेट दिलं. "हा जावयाचा मासा," ती म्हणाली. २०२३ मध्ये सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं तेव्हा सातपाटीला केवढा आनंद झाला असेल. या पट्ट्यात पापलेट म्हटलं की सातपाटीच. पण घरचा मासा बोंबील. तो स्वस्त, तो रोजचा, तो पावसाळ्यासाठी वाळवून ठेवायचा. १९८२ च्या पावसात, मासेमारी बंद असताना, मावशीनं आम्हाला त्या सुक्या बोंबलांवर काढलं. कधी वांग्यात, कधी बटाट्यात, कधी नुसते निखाऱ्यावर भाजून ठेचलेले. वाडीतली भाजी मांगेलवाड्यात द्यायची आणि मासळी आणायची, असा व्यवहार होता. पैसे मध्ये यायचेच नाहीत. मला वाटतं, हिशेबाचा एक निराळा प्रकार मी तिथे पाहिला, फक्त तेव्हा तो हिशेब आहे हे कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मावसभाऊ आम्हाला डहाणूला घेऊन गेला. किनाऱ्याकिनाऱ्यानं वरोर, वाढवण करत. वाढवणला भिंतींवर 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' असं रंगवलेलं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराचं भूमिपूजन झालं. खर्चाचा आकडा शहात्तर हजार कोटींच्या वरचा. मावसभावाचा पुतण्या अभियंता. त्याला बंदरात नोकरी दिसते. त्याच गाडीत आमच्यासोबत बसलेला त्याचा नाखवा मित्र, त्याला डोल जाळं लावायची जागा जाताना दिसते. दोघं अर्धा तास भांडले, मग डहाणूच्या नाक्यावर एकाच कपातून चहा प्यायले. मला कुणाची बाजू घेता आली नाही. पाहुण्यानं घ्यायचीही नसते.

डहाणूत कासवांचं उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की जखमी ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर येऊन पडतात. जाळ्यात अडकून पाय तुटलेली, थकलेली. वन विभाग आणि प्राणिमित्र मिळून त्यांच्यावर उपचार करतात, बरी झाली की समुद्रात सोडतात. टाकीत एक कासव होतं. त्याचा पुढचा एक पाय नव्हता. ते उरलेल्या तीन पायांनी एका बाजूला झुकत पोहत होतं आणि तरी टाकीच्या भिंतीला एकदाही आपटलं नाही. नाखवा मित्रानं सांगितलं, असं जनावर जाळ्यात आलं तर जाळं कापून सोडायचं. २०१८ पासून सरकार त्याची भरपाई देतं, पंचवीस हजारांपर्यंत. माझ्या मुलीनं विचारलं, "आणि त्याआधी कोण द्यायचं?" तो म्हणाला, "त्याआधी आमचे बाप नुसतेच कापायचे." आणि गाडीच्या काचेतून बाहेर बघू लागला.

संध्याकाळी वाडीत उकडहंडी लावली. मडक्याच्या तळाशी रानपाला, त्यावर वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी, हिरवं वाटण लावलेले बटाटे, पुन्हा पाला कोंबून तोंड बंद, मग मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. पाणी घालायचं नाही. भाज्या आपल्याच रसात शिजतात. जाळाभोवती सगळे बसले. लांबून कोल्हेकुई आली, मग दुसरीकडून तिला उत्तर आलं. मुलं घाबरून जवळ सरकली. मला वाटलं, हीच वेळ. मी मावशीजवळ गेले आणि सुरुवात केली, "मावशी, त्या दीड वर्षात तू आमच्यासाठी..."

"गप," मावशी म्हणाली. मग आईकडे मान वळवून, "हिला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचंय त्यात," आई म्हणाली.

तेव्हा मावशीनं सांगितलं आणि मी माझ्याच घरातली गोष्ट बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली. १९७१ साली, मी जन्मायच्या आदल्या वर्षी, मावशीचे यजमान आजारी पडले. परळच्या एका दवाखान्यात तीन महिने काढावे लागले. मावशी कडेवरचं पोर घेऊन लालबागच्या आमच्या दहा बाय बारात राहिली. आई-वडील तीन महिने गॅलरीत झोपले. वडील रात्रपाळी संपवून गिरणीतून सुटले की डबा घेऊन चालत दवाखान्यात जायचे, मग घरी येऊन झोपायचे. औषधं बाहेरून आणायला लागली तेव्हा आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. "त्या पाटल्या मी अजून दिल्या नाहीत," मावशी म्हणाली. "आणि ही पोर मला काय सांगते!"

म्हणजे ज्या पानाची डावी बाजू मी बेचाळीस वर्षं भरून ठेवली होती, ते मुळात दुसरंच पान होतं. आमचं दीड वर्ष म्हणजे मावशीनं फेडलेलं देणं. मी हे मनात जुळवते आहे तोवर आई चिडली. "उगीच जुनं उकरू नकोस ताई. उकरायचं तर मग मीपण उकरते. चौथीतून शाळा कोणी सोडली? मला सातवीपर्यंत शिकता यावं म्हणून घरात कामाला कोण राहिलं?"

"आईनं काढलं मला शाळेतून. तुझ्यासाठी नाही काढलं."

"माझ्यासाठीच. मला ठाऊक आहे."

"तुला काय ठाऊक? तू तेव्हा परकर सांभाळत नव्हतीस!"

ऐंशी आणि शहाऐंशी वर्षांच्या दोघी जाळाच्या उजेडात तावातावानं भांडत होत्या. एक म्हणते मी तुझं देणं लागते, दुसरी म्हणते छे, मीच तुझं लागते. मुलं आळीपाळीनं एकीच्या तोंडाकडे, मग दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मावसभावानं मडकं उघडलं आणि वाफेबरोबर भांडणही उडून गेलं. वालपापडीची पहिली शेंग मावशीनं आईच्या ताटात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिशेब मिटला की येणंजाणं मिटतं, बाय. उगाच मिटवायच्या मागे लागू नये."

पाकीट पर्समध्येच राहिलं.

निघायच्या सकाळी मावशीनं मला आत बोलावलं. कोनाड्यातल्या डब्यामागून कागदात बांधलेलं पुडकं काढलं, सुके बोंबील. मग माझ्या पर्सकडे एकदा पाहिलं. तिला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "नात बारावीला आहे. जूनपासून कॉलेजला तुझ्याकडे येईल. तीन वर्षं." जागा होईल का, जमेल का, असलं काही नव्हतं. मला ते पोस्टकार्ड आठवलं. 'पोरांना पाठवते आहे.' पाकिटातले पैसे देऊन जे झालं नसतं ते या एका वाक्यानं झालं आणि मी इतकी हलकी झाले की बोईसरच्या फलाटावर पोचेपर्यंत नवऱ्याला सांगायचंही विसरले.

परतीच्या गाडीत बोंबलांच्या वासानं शेजारच्या बाई दोन जागा सरकून बसल्या. मुलानं अभिमानानं सांगितलं, "चिंचणीचे आहेत." घरी आल्यावर पुडकं सोडलं. वाळलेले बोंबील अजून जोडीनंच होते, जबड्यात जबडा. डब्यात नीट बसावेत म्हणून एक ओढला, तर दुसरा त्याच्याबरोबर आला. सोडवायला गेले आणि थांबले. जोडी तशीच वाकवून डब्यात ठेवली. मग मुलीच्या खोलीतल्या कपाटाचा एक खण रिकामा करायला घेतला. जूनला अजून पाच महिने होते.